सात इच्छा आणि भंगाराची हातगाडी

वाचकहो, आम्ही सिनेमाचे समीक्षक नव्हेत. दिवसभर पतपेढीत जमा-नावे लिहिणारे कारकून, संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे शिष्यवृत्तीचे, रेशनकार्डाचे, जातीच्या दाखल्याचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते आणि रविवारी सकाळी विहारात मुलांचा वर्ग घेणारे बिनपगारी मास्तर, एवढीच आमची ओळख. भुताखेताच्या इंग्रजी सिनेमावर आम्ही कधी चार ओळी लिहू असे स्वप्नातही वाटले नव्हते. पण गेल्या मे महिन्याच्या सुटीत आमच्या घरात एक गोष्ट घडली. ती लिहिल्याशिवाय राहवत नाही.

झाले असे की, वर्गाला येणाऱ्या एका मुलाच्या आईने विहाराच्या पायरीवरच आम्हाला गाठले. जयभीम झाला, आणि बाई म्हणाल्या, "सर, ही पोरं मोबाईलवर काय बघत्यात ते तरी बघा. एक पेटी हाय म्हणं. तिच्यापुढं इच्छा मागितली की पुरी होती, पण माणूस मरतंय. माझा पोरगा रातचा मोरीत एकटा जाईना झालाय. तुम्हीच चार शब्द सांगा त्याला."

चार शब्द सांगणे हा आमचा आवडता उद्योग! पण न वाचता पुस्तकाला नावे ठेवणाऱ्यांचा आम्हाला राग येतो; मग न बघता सिनेमाला नावे कशी ठेवायची? म्हणून त्या रात्री जेवणे उरकल्यावर आम्ही आमच्या मुलीला विचारले. ती तेव्हा नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. तिने तो सिनेमा अर्थातच आधी बघितलेला होता. म्हणाली, "पप्पा, तुम्ही घाबराल." आम्ही म्हणालो, "लाव तर खरं." तांदळाच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला आणि बापलेक बघायला बसलो. पत्नी भांडी घासता घासता कानाने बघत होती. आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, दाराशी खाटेवर पडले होते.

सिनेमाचे नाव 'विश अपॉन'. १४ जुलै २०१७ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जॉन आर. लिओनेटी. त्यांचा 'ॲनाबेल' हा बाहुलीचा सिनेमा २०१४ साली आला होता, तो आपल्याकडच्या पोरांनाही ठाऊक आहे. पटकथा बार्बरा मार्शल यांची. लांबी अवघी दीड तास. अमेरिकेत त्याला मिळालेले प्रमाणपत्र असे, की तेरा वर्षांखालच्या मुलांना काही भाग योग्य नसेल, पालकांनी सावध राहावे. आपल्याकडेही २०२३ च्या कायदादुरुस्तीने 'यूए' गटात सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे पाडले आहेत. पण मोबाईल हातात असलेल्या पोराला कोणता टप्पा आणि कोणता दारवान!

गोष्ट अशी. क्लेअर शॅनन नावाची शाळकरी मुलगी आहे. लहानपणी आईने गळफास घेतलेला तिने डोळ्यांनी बघितला आहे. घरात ती आणि बाप, आणि एक कुत्रा. बापाचे नाव जोनाथन. हा बाप लोकांच्या कचऱ्याच्या पेट्या उपसून उपयोगी वस्तू गोळा करतो. घर भंगाराने भरलेले. शाळेत श्रीमंताघरच्या पोरी क्लेअरला छळतात. त्यांची म्होरकी डार्सी. एके दिवशी बापाला कचऱ्यात चिनी अक्षरे कोरलेली एक जुनी पेटी सापडते. पोरगी शाळेत चिनी भाषा शिकते आहे, तिला आवडेल, म्हणून तो ती तिला भेट देतो. पेटीवरचे दोनच शब्द तिला लागतात : सात इच्छा. ती रागाच्या भरात पहिली इच्छा बोलून जाते. पेटी उघडते, आतून संगीत वाजते, आणि संगीत थांबेपर्यंत कुणाचा तरी जीव गेलेला असतो.

अमेरिकेत तरुण पोरांसाठी निघणाऱ्या भयपटांचा एक ठरीव साचा आहे. १९७८ चा 'हॅलोविन', १९८० चा 'फ्रायडे द थर्टीन्थ', हे त्या घराण्यातले गाजलेले सिनेमे. एक खुनी सुरा घेऊन हिंडतो आणि पोरांना एकेक करून टिपतो. पुढे २००० साली 'फायनल डेस्टिनेशन' आला, त्यात खुनी माणूसच काढून टाकला आणि साक्षात मरणच घरातल्या साध्या वस्तूंतून पोरांना गाठू लागले. 'विश अपॉन'मध्ये हा साचा आणि इच्छा पुरवणाऱ्या जादूच्या वस्तूची जुनी गोष्ट, ही दोन्ही एकत्र शिवली आहेत. म्हणजे सुरा आहे, पण तो इच्छेच्या हातात आहे.

खरे सांगायचे तर भीती अशी फारशी वाटली नाही. पुढे काय होणार ते आधीच कळते. पण सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. क्लेअर शाळेत पोचली आहे, सगळी पोरे बाहेर उभी आहेत, आणि समोरच तिचा बाप आपल्या सोबत्याबरोबर कचऱ्याची पेटी उपसतो आहे. तिच्या चेहऱ्याकडे बघून आमच्या मुलीने पटकन हात पुढे केला.

"पप्पा, हे पुढं ढकलते. हे बोअर आहे."

आम्ही म्हणालो, "राहू दे, कळायला हवं."

तेव्हा मोरीतून पत्नीचा आवाज आला, "ढकलू दे की. तिला ते बघवणार नाही. विचारा तिला, आजोबांनी शाळेच्या फाटकाशी येऊ नये असं का म्हणाली ती!"

आम्ही सिनेमा थांबवला. मग एकेक उलगडले. आम्ही दोघेही कामाला जातो, म्हणून दुपारचा डबा दादा शाळेत पोचवतात. त्यांचे वय आता सत्तरीपार. पण हाताची सवय गेलेली नाही. वाटेत तांब्याच्या वायरीचा तुकडा दिसला, पत्र्याचे झाकण दिसले, की वाकून उचलतात आणि पिशवीत टाकतात. एकदा फाटकासमोरच्या कचराकुंडीतून त्यांनी पंख्याची जळकी मोटार बाहेर काढली. मुलीच्या मैत्रिणी बघत होत्या. कुणीतरी हसले. त्या दिवसापासून मुलीने आजोबांना सांगितले की, मीच सकाळी डबा घेऊन जाईन, तुम्ही येऊ नका. दादा 'बरं' म्हणाले. आम्हाला कुणी काही बोलले नाही.

मुलीची मान खाली. पत्नीची अपेक्षा होती की आता आम्ही आवाज चढवणार. 'ज्या माणसाच्या कष्टावर आपण उभे आहोत' या वाक्याने सुरू होणारे भाषण आम्हाला पाठ आहे. पण त्या रात्री ते तोंडातून फुटेना. आम्ही सिनेमा पुढे सुरू केला. का, ते वाचकांना सांगतो.

आमचे दादा मूळचे सातारा जिल्ह्यातले. मुंबईला येऊन गिरणीत लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत दादा एक. आम्ही तेव्हा दोन वर्षांचे होतो. संप कधी संपला ते दादांना आजही सांगता येत नाही, कारण त्यांच्यापुरता तो संपलाच नाही. गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही एवढे खरे. आईने चार घरची धुणीभांडी धरली. दादांनी दोन वर्षे मिळेल ते काम केले, आणि मग भाड्याची हातगाडी घेऊन भंगार-रद्दी गोळा करू लागले. विक्रोळी पार्कसाईटच्या चढावर आमचे घर. भर उन्हात पत्रा, बाटल्या, रद्दीचे गठ्ठे भरलेली गाडी घेऊन ते चढ चढत, तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा सुतळीसारख्या दिसत.

त्या भंगारातूनच आमचे शिक्षण झाले. आठवीत असताना त्यांनी रद्दीबरोबर आलेली एक पत्र्याची कंपासपेटी आणली. बिजागरी तुटली होती, ती त्यांनी तारेने बांधली, आत कर्कटक आणि कोनमापक होते, गुण्या नव्हता. पुढे बी.कॉम.ची हिशेबशास्त्राची पुस्तकेसुद्धा त्यांच्याच गठ्ठ्यातून निघाली. दुसऱ्याच्या नावाची पुस्तके वाचून आम्ही पदवीधर झालो.

आणि १९९४ साली, नववीत असताना, शाळा सुटल्यावर आम्ही तिघे मित्र चढावर उभे होतो. खालून दादांची गाडी आली. मित्रांपैकी एक जण नवीन होता, त्याने विचारले, "अरे, तो माणूस तुझ्याकडं बघतोय. कोण आहे?" आम्ही म्हणालो, "भंगारवाला आहे. आमच्या गल्लीत येतो."

दादांनी ते ऐकले की नाही, ठाऊक नाही. त्यांनी आमच्याकडे बघितले, मग रस्त्याकडे बघितले आणि गाडी पुढे रेटली. रात्री घरी काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. त्यानंतर तीस वर्षे आम्ही वस्तीत श्रमाच्या प्रतिष्ठेवर भाषणे दिली, जयंतीच्या मंचावरून स्वाभिमान सांगितला, पण तो शब्द काही परत घेता आला नाही. म्हणून त्या रात्री मुलीवर ओरडण्याचा अधिकार आमच्याकडे नव्हता.

असो. रविवारी विहारात वर्ग भरला. तेरा ते सोळा वयाची वीसेक मुले. निम्म्यांनी सिनेमा बघितलेला. आम्ही उपदेश बाजूला ठेवला आणि फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिले 'जमा', उजवीकडे 'नावे'. म्हणालो, "चला, क्लेअरची कीर्द लिहू."

मुलांना मोठी गंमत वाटली. एकेक नोंद तेच सांगू लागले. पहिली इच्छा, डार्सीचे अंग सडावे. जमा बाजूला, डार्सीला मांस सडवणारा रोग झाला, सूड मिळाला. नावे बाजूला, घरचा कुत्रा मॅक्स मेला. दुसरी इच्छा, पॉल नावाच्या देखण्या मुलाने आपल्यावर जीव टाकावा. नावे, ऑगस्ट हा श्रीमंत नातेवाईक, न्हाणीघरातल्या टबात पडून गेला. तिसरी इच्छा, त्या ऑगस्टची सगळी इस्टेट आपल्याला मिळावी. नावे, शेजारच्या प्रेमळ डेलूकाबाई. सिंकखाली खरकटे भरडणारे यंत्र असते, त्यात केस अडकून गेल्या. मग दोन इच्छा अशा, की बापाने ते लाजिरवाणे कचरा उपसणे सोडावे आणि आपण शाळेत सर्वांच्या लाडक्या व्हावे. नावे, पेटीवरची अक्षरे वाचून देणारी गीना, आणि जिवाभावाची मैत्रीण मेरेडिथ. ती लिफ्ट कोसळून गेली. सहावी इच्छा, आईने आत्महत्या केलेलीच नसावी. आई परत आली. नावे, बाप. करवतीने झाड कापताना झालेल्या अपघातात तो गेला.

फळा भरला. एक हुशार मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे हिशेब जुळला की. जेवढं जमा तेवढं नावे!"

आम्ही म्हणालो, "आकडा जुळला. पण पतपेढीत कुणाच्या खात्यातून पैसे काढायचे झाले तर काय लागतं?"

"सही."

"मग या फळ्यावर नावे बाजूला सहा खाती आहेत. एकाची तरी सही आहे का?"

वर्ग गप्प झाला. आमच्या धंद्यात याला अफरातफर म्हणतात. दुसऱ्याच्या खात्यातून त्याला न विचारता काढायचे आणि आपल्या खात्यात जमा दाखवायचे. वरून ताळेबंद चोख.

मागच्या ओळीतली एक मुलगी क्लेअरच्या बाजूने उठली. म्हणाली, "पण सर, तिला आधी माहीत नव्हतं ना."

प्रश्न रास्त होता. सुरुवातीला तिला खरेच माहीत नव्हते. पण पुढे रायन नावाचा तिचा मित्र तिला सगळे उलगडून सांगतो : प्रत्येक इच्छेला रक्ताची किंमत आहे आणि सातव्या इच्छेनंतर पेटीतला पिशाच्च मालकाचा आत्माच नेतो. तरी तिला पेटी सोडवत नाही. कारण पेटी गमावली की आजवर मिळालेले सगळे हातचे जाते. मोठे घर जाते, मान जातो. आमच्या मते अख्ख्या सिनेमात खरी भीती वाटावी अशी जागा हीच आहे. रक्त दिसते तिथे नव्हे, तर सगळे कळूनही पोरगी पेटी छातीशी धरून बसते तिथे. ज्यांना फुकटचा मोठेपणा मिळालेला असतो त्यांना तो कुणाच्या जिवावर मिळाला हे कळल्यानेच सोडवतो असे नाही. हे आपल्या लोकांना सिनेमाने शिकवायची गरज नाही.

शेवटी क्लेअर सातवी इच्छा मागते, बापाला पेटी सापडली त्या सकाळी परत जाण्याची. ती परत जाते, पेटी बापाआधी स्वतः उचलते आणि रायनला पुरून टाकायला देते. वाटते, सुटली. तेवढ्यात डार्सीच्या मोटारीखाली सापडून ती मरते. आणि नामावळीच्या मध्येच दाखवले आहे की पेटी पुरायला निघालेला रायनही ती अक्षरे वाचू लागतो. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आता दुसरा भाग येणार!" सगळे हसले.

आम्हाला या सिनेमात एक गोष्ट मात्र खटकली, तीही वर्गात बोललो. मत्सर अमेरिकेतला, शाळेतला छळ अमेरिकेतला, गरिबीची लाज अमेरिकेतली. पण पाप सगळे चिनी पेटीचे! ही खोड जुनी आहे. १९०२ साली डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स या इंग्रज लेखकाची 'माकडाचा पंजा' ही गोष्ट आली. तीन इच्छा पुरवणारा वाळका पंजा एक सार्जंट मेजर इंग्लंडात एका साध्या कुटुंबात आणतो. कुठून आणतो? हिंदुस्थानातून. एका फकिराने त्यावर मंत्र घातलेला असतो. कशासाठी? माणसाचे आयुष्य नशिबाच्या हाती असते आणि त्यात हात घालणाऱ्याला दुःखच मिळते, हे दाखवण्यासाठी. म्हातारा बाप दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस येऊन सांगतो की तुमचा मुलगा यंत्रात सापडून गेला. मालकाची जबाबदारी काही नाही, पण त्याच्या कामाची जाण ठेवून ही रक्कम. दोनशे पौंड!

ही गोष्ट आम्ही सांगितली तेव्हा मुलांच्या अंगावर काटा आला. मग आम्ही विचारले, "मुलाला कुणी मारलं? पंजानं?" गिरणगावातून आलेल्या घरातलाच एक पोरगा म्हणाला, "मशीननं. मशीनला जाळी नसणार." शाबास! गोष्टीतल्या आईबापांना पंजा दिसला, यंत्र दिसले नाही. इंग्लंडात कामगारांना अपघाताची भरपाई देणारा कायदा १८९७ सालचा, आपल्याकडे तो १९२३ साली झाला. फकीर म्हणतो, नशिबात हात घालू नका. हा उपदेश आपल्या वाडवडिलांना शतकानुशतके ऐकवला गेला. कायदे झाले ते नशिबात हात घालणाऱ्यांमुळेच झाले.

मुलांना वाटू नये की रक्ताची किंमत ही परदेशातली कल्पित गोष्ट आहे, म्हणून आम्ही मानवतचेही नाव घेतले. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतला गुप्तधनाच्या हव्यासातून आणि मूल व्हावे म्हणून बायकापोरींचे खून पडले. तिथे पेटी नव्हती, पिशाच्च नव्हते. इच्छा होती, मांत्रिकी होती आणि ज्यांना कुणी विचारणार नाही अशा गरिबांच्या मुली होत्या. महाराष्ट्रात नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला, तो होण्याआधीच, त्यासाठी वर्षानुवर्षे झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. मोरीत जायला घाबरणारा तो मुलगा हे सगळे डोळे विस्फारून ऐकत होता. त्याला आम्ही एवढेच म्हणालो, "मोरीत काही नसतं रे. भ्यायचं तर माणसाच्या हावेला भी."

वर्ग संपवताना आम्ही एक वाक्य फेकले, आणि मनात स्वतःचीच पाठ थोपटली. म्हणालो, "इच्छा एकट्यानं गुपचूप मागायची असते आणि किंमत दुसरा देतो. मागणी सगळ्यांनी मिळून उघड करायची असते आणि किंमत आपण देतो. आपली माणसं मागणी करणारी आहेत, इच्छा करणारी नव्हेत."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. आमची मुलगी पहिल्याच ओळीत होती. तिने वाजवल्या नाहीत.

घरी चालत येताना ती म्हणाली, "पप्पा, एक विचारू? आजोबांनी संप केला ती मागणीच होती ना?"

"हो."

"मग त्याची किंमत आजीनं दिली. धुणीभांडी करून. तिची सही होती का?"

आम्ही चालता चालता थांबलो. तीस वर्षे भाषणे देणाऱ्या माणसाला पोरीने एका प्रश्नात गप्प केले. आमची आई २०११ साली गेली. तिला हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. तिच्या हाताला साबणाने पडलेल्या भेगा आम्हाला आठवतात. संपाच्या आठवणी सांगायला लोक दादांकडे येत, आई चहा करायची.

"आजोबांना विचार," आम्ही एवढेच म्हणालो.

दादा दाराशी बसून जळक्या मोटारीची तार सोडवत होते. होय, तीच मोटार. मुलीने त्यांच्याशेजारी बसून सरळ विचारले. दादांचे हात थांबले.

"इचारलं व्हतं की," ते म्हणाले. "आदल्या राती. म्हनलं, उद्यापासनं पगार न्हाई. ती म्हनली, समदी भाईर असताना तुम्ही एकलं आत कसं जानार? जावा." मग जरा थांबून म्हणाले, "पर येवढं लांबंल असं ना मला ठावं हुतं, ना तिला. येवढं न्हवतं सांगितलं म्या तिला. त्ये माझ्याकडनं ऱ्हायलंच."

कुणी काही बोलले नाही. तारेचा वेढा पुन्हा सुटू लागला. तेव्हा आम्हाला वाटले, आता नाही तर कधीच नाही. आम्ही दादांच्या समोर जमिनीवर बसलो आणि मुलीच्या देखत १९९४ सालची ती दुपार सांगितली. भंगारवाला हा शब्दही जसाच्या तसा सांगितला. मुलगी आमच्या तोंडाकडे बघत राहिली. पत्नी दारात उभी होती. इतकी वर्षे आमच्या संसारात असून तिलाही हे ठाऊक नव्हते.

"दादा, तुम्ही ऐकलं होतं का तेव्हा?"

दादांनी तार गुंडाळून पिशवीत ठेवली. म्हणाले, "चढावर हुतो म्या. थांबलो असतो तर गाडी मागं आली असती."

एवढेच. ऐकले होते की नाही, हे त्यांनी सांगितले नाही, आणि आम्हालाही दुसऱ्यांदा विचारवले नाही. क्लेअरला सातवी इच्छा होती, तिला ती सकाळ परत मिळाली. आम्हाला ती दुपार परत मिळणार नाही. मिळाली तरी किंमत कुणाच्या खात्यावर पडेल कोण जाणे. पण ज्याचे देणे आहे तो माणूस दाराशी खाटेवर बसलेला असताना पेटीची गरजच काय? समोर बसून सांगता येते. आम्हाला तेवढे करायला तीस वर्षे लागली.

जून महिन्यात शाळा सुरू झाली. मुलगी आता दहावीला आहे. तिने आपण होऊन आजोबांना सांगितले की डबा तुम्हीच आणा. दादा जातात. पिशवीतून वायर डोकावते ती डोकावतेच. मैत्रिणींना ती 'हे माझे आजोबा' असे अजून म्हणत नाही, हे पत्नीने चौकशी करून काढले आहे. पण फाटकापर्यंत येते, डबा घेते, दोन शब्द बोलते आणि मग आत जाते. लपत नाही. तिच्या वयात आम्ही जिथे होतो त्यापेक्षा ती एक पायरी वर आहे. उरलेल्या पायऱ्या ती चढेल तेव्हा चढेल, आम्ही मागून ढकलणार नाही.

आईबापांना आमचे एवढेच सांगणे आहे. पोरांच्या हातातला मोबाईल हिसकावण्याआधी एक रात्र त्यांच्याशेजारी बसून ती काय बघतात ते बघा. सिनेमा चांगला असेल नसेल, पण तो कुठे थांबवावासा वाटतो, आणि कुणाला वाटतो, तिकडे लक्ष ठेवा. आमच्या घरात तो एका बापाच्या कचऱ्याच्या पेटीशी थांबला. मोरीत जायला घाबरणारा तो मुलगाही आता एकटा जातो, असे त्याच्या आईने सांगितले. मात्र दिवा लावून!